रायफलसाठी परवडणारा सप्रेसर: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?

रानवाटा (धागाकर्ता)

मंडळी, रायफलला सप्रेसर (नळीच्या तोंडावर लावायचं, आवाज कमी करणारं नळकांडं) घ्यायचं पक्कं झालंय. कोणता घ्यायचा ते मात्र जितकं वाचतोय तितकं धूसर होत चाललंय.

माझी बोल्ट अ‍ॅक्शन .३०८ आहे (म्हणजे .३०८ मापाच्या काडतुसाची, दर बाराला बोल्ट हाताने ओढायची), युरोपीय बनावटीची, नळी ५६ सेंटीमीटर. तोंडाला कारखान्यातूनच आटे पाडलेले आहेत. पुढेमागे ६.५ क्रीडमूर (थोड्या बारीक गोळीच्या काडतुसाची रायफल) घ्यायचा विचार आहे आणि शक्यतो एकच सप्रेसर दोन्हींवर चालावा अशी इच्छा आहे. वापर म्हणाल तर जास्त करून कागदी लक्ष्यावर, एका बैठकीत वीस-तीस बार. वर्षातून दोनतीनदा शिकारीला जातो, तेव्हा दिवसभर खांद्यावर वाहायची तयारी हवी.

तीन पर्याय समोर आहेत. एक पोलादी, जड पण स्वस्त. दुसरा टायटॅनियमचा, जवळपास दुप्पट किमतीचा. तिसरा मधल्या किमतीचा, पण खोक्यावर "३२ डेसिबल घट" असं ठळक छापलंय. मन तिसऱ्याकडे ओढतंय. परवान्याची चौकशी झाली आहे, त्यात अडचण नाही. दर्जा राखून पैसे वाचवायचे तर नेमकं काय पाहू?

---

खवचट_काका

आधी एक सांगा, आवाज "फुस्स" होईल या आशेवर तर घेत नाही ना? सिनेमातले खुनी लोक सूप पिताना जेवढा आवाज करतात तेवढाच बंदुकीचा येतो, असा पुष्कळांचा समज असतो. मी माझा पहिला बार उडवला तेव्हा शेजारच्या माणसाने विचारलं, "लावलाय ना तो?"

---

रानवाटा

नाही हो काका, तेवढा भाबडा नाही. पण ३२ डेसिबल म्हणजे बराच फरक पडेल ना?

---

तरंगलांबी

फरक पडतो, पण कशात पडतो ते आधी बघा.

रायफलच्या आवाजाचे दोन भाग. पहिला नळीच्या तोंडाशी. गोळी बाहेर पडताच तिच्यामागचा वायू वातावरणाच्या शेकडो पट दाबाने एकदम मोकळा होतो, तो धमाका. सप्रेसर फक्त याच्यावर काम करतो. वायूला आतल्या कप्प्यांमध्ये अडवतो, घोळवतो, थोडा थंड करतो आणि मग सावकाश सोडतो. गाडीचा सायलेन्सरही तेच करतो. बंदुकीसाठी ही कल्पना बाजारात आणली ती हायरम पर्सी मॅक्सिमने. मशीनगनवाल्या मॅक्सिमचा हा मुलगा. बंदुकीच्या सायलेन्सरचं त्याचं पेटंट १९०९ चं.

दुसरा भाग गोळीचा स्वतःचा. साधारण २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. तुमच्या .३०८ ची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास निघते. ती हवा फाडत जाते तो कडाका वाटेवर सगळीकडे ऐकू येतो आणि कुठलाही सप्रेसर त्याला हात लावू शकत नाही. तो घालवायचा तर ध्वनीपेक्षा हळू जाणारी काडतुसं लागतात. .३०० ब्लॅकआउटला ती मुद्दाम बनवतात. पण मग गोळीचा पल्ला आणि जोर दोन्ही गेले.

तुमच्या कामासाठी हिशोब असा: विनासप्रेसर रायफल साधारण १६० ते १७० डेसिबल. चांगला सप्रेसर त्यातून २० ते ३५ कमी करतो. बहुतेक वेळा उरतात १३५-१४० च्या आसपास.

---

दोन_कान

तरंगलांबी, इथेच थांबा जरा. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही कानाला इजा होण्याची मर्यादा मानतात. म्हणजे सप्रेसर लावल्यावर तुम्ही मर्यादेच्या काठावर येता, मर्यादेच्या आत सुखरूप नाही. माझा रोजचा उद्योग लोकांचे कान तपासणे हा आहे. "एकदाच बिनबोळ्याचा बार काढला होता" असं सांगणारी आणि त्यानंतर रात्रंदिवस कानात शिट्टी ऐकणारी माणसं माझ्याकडे येतात. ती शिट्टी बहुतेकांची जात नाही.

रानवाटा, सप्रेसर घ्या, जरूर घ्या, पण कानातले बोळे आणि वरचे मफ ठेवा. तो कानाच्या संरक्षणात भर घालतो, त्याची जागा घेत नाही. शिकारीला कुत्रा बरोबर असेल तर त्याच्या कानांचाही विचार करा, त्याला बोळे घालता येत नाहीत.

---

तरंगलांबी

+१. आणि खोक्यावरच्या त्या ३२ बद्दल. डेसिबल हे लॉगरिदमिक माप आहे. ६ डेसिबलला ध्वनिदाब निम्मा होतो. त्यामुळे आकडा खरा असेल तर मोठा आहे. पण तो कुठे मोजला? नळीच्या तोंडापासून एक मीटर बाजूला, की नेमबाजाच्या कानापाशी? कोणत्या रायफलवर, किती लांब नळी, कोणती गोळी? मीटर किती वेगाने नमुने घेत होता? बंदुकीचा धमाका इतका क्षणिक असतो की साध्या मीटरला त्याचं टोक सापडतच नाही आणि तो कमी आकडा दाखवतो. मोजमाप लष्करी मानक पद्धतीने केलं असेल तर तसं छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर तो आकडा जाहिरात समजा.

शिवाय पहिल्या बाराचा आवाज पुढच्यांपेक्षा मोठा असतो. आत साठलेल्या हवेतल्या ऑक्सिजनमुळे आतल्या आत थोडं अधिक जळतं. काही जण सरासरी काढताना पहिला बार सोयीस्कर विसरतात. शिकारीत मात्र पहिलाच बार मोजतो ना!

दोन सप्रेसरांत दोनतीन डेसिबलचा फरक दिसला तर त्यावरून निवड करू नका. हवा, काडतुसं, मीटर बदलला की तेवढा फरक आपोआप येतो.

---

लेथवाला

सगळे डेसिबलवर बोलताहेत म्हणून मी आट्यांवर बोलतो. माझ्या मते स्वस्त सप्रेसर चांगल्या आट्यांवर बसवलेला परवडला, महागडा सप्रेसर वाकड्या आट्यांवर बसवलेला म्हणजे आपणच आपल्या पैशांवर गोळी झाडणं. शब्दशः.

माझ्याच बाबतीत घडलेलं. जुन्या रायफलला आटे पाडायला दिले. त्या माणसाने नळीचा बाहेरचा पृष्ठभाग लेथवर धरून काम केलं. आता नळीचं भोक आणि बाहेरचा गोल हे नेहमी एका मध्यावर नसतात. आटे भोकाच्या मध्यावरूनच काढावे लागतात. माझे निघाले तिरके. पाचव्या की सहाव्या बाराला गोळी आतल्या शेवटच्या दोन चकत्यांना (ज्यांनी आतले कप्पे पडतात त्या) घासून गेली, कागदावर आडवं भोक आणि सप्रेसरच्या पुढच्या टोपीला खाच. हमीही गेली, कारण दोष सप्रेसरचा नव्हता.

म्हणून रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, नळीतून तोंडाकडे सरळ तपासणी-सळई घाला, सप्रेसर लावा आणि टोकाला सळई भोकाच्या मधोमध दिसते का पाहा. सळई काही फार महाग नसते. दुसरं, सप्रेसर नळीच्या खांद्यावर (आटे संपतात त्या पायरीवर) सपाट टेकायला हवा. मध्ये चुरगळणारा वॉशर घालू नका. तो एका बाजूला जास्त दबतो आणि सगळं तिरकं करतो.

रानवाटा, तुमचे आटे कोणते आहेत? मोजलेत का?

---

रानवाटा

दुकानात विचारलं तर ".३०८ म्हणजे ५/८×२४ च असणार" म्हणाले. मोजले नाहीत.

---

लेथवाला

मोजा! अमेरिकन पद्धतीत .३०८ ला ५/८ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, .२२३ ला १/२×२८ हे खरं. पण तुमची रायफल युरोपीय म्हणता. तिथे मेट्रिक आटे चालतात: एम१४×१, एम१५×१, जाड नळीला एम१८×१.

आता गंमत बघा. ५/८ इंच म्हणजे १५.८८ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर १.०६ मिलिमीटर. एम१५×१ चं अंतर १ मिलिमीटर. म्हणजे एम१५ च्या नळीवर ५/८ चा सप्रेसर ढिला का होईना, चढल्यासारखा वाटू शकतो. "बसला की!" म्हणून माणूस बार काढतो. पुढे काय होतं ते वर सांगितलंच.

---

खवचट_काका

म्हणजे पत्रिका जुळवल्याशिवाय लग्न नको.

---

डोंगरकडा

मी वजनाबद्दल सांगतो, कारण माझी चूक तिथे झाली. मी मोठा पोलादी घेतला, ६०० ग्रॅमच्या आसपास. रेंजवर टेकूवर ठेवून मारताना काहीच वाटलं नाही, उलट जडपणामुळे धक्का कमी. शिकारीला चढ चढताना मात्र नळीच्या टोकाला ते लोढणं. उभ्याने नेम धरला की टोक खाली खाली जातं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असं. ३०० ते ४०० ग्रॅमचा टायटॅनियमचा घेतला असता तर बरं झालं असतं.

लांबीही पाहा. ५६ सेंटीमीटर नळीपुढे आणखी १८-२० सेंटीमीटर आले की झुडपातून वळताना रायफल बांबूसारखी अडकते. नॉर्वे-फिनलंडकडचे शिकारी नळीवर मागे सरकणारे सप्रेसर आवडीने वापरतात. अर्धा भाग नळीभोवती मागे असतो, पुढे थोडाच येतो. वजनाचा तोलही बरा राहतो. पण नळी जाड असेल तर तो बसत नाही, घेण्याआधी नळीचा व्यास बघावा लागतो.

---

तापलेली_नळी

टायटॅनियम, टायटॅनियम असा सगळीकडे घोष चाललाय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. टायटॅनियम हलकं खरं, पण ४०० अंश सेल्सियसच्या पुढे त्याची ताकद झपाट्याने उतरते. भरभर तीसचाळीस बार काढले की आतून ठिणग्या उडतात, अंधारात स्पष्ट दिसतात. ठिणग्या म्हणजे तुमचाच पैसा जळतोय. जलद मारणाऱ्यांनी स्टेनलेस (१७-४ जातीचं), इन्कोनेल किंवा पहिली चकती स्टेलाइटची असलेला घ्यावा (दोन्ही उष्णता सोसणारे मिश्रधातू). पहिल्या चकतीवरच सगळ्यात जास्त मार बसतो, बाकीच्या त्या मानाने सुखात असतात.

---

डोंगरकडा

पण रानवाटांची बोल्ट अ‍ॅक्शन आहे. बैठकीत वीस-तीस बार, तेही हळूहळू. ते ४०० अंशांच्या जवळपास तरी जातील का?

---

तापलेली_नळी

नाही जाणार. बरोबर. त्यांना टायटॅनियम चालेल, मी माझ्या रायफलच्या नादात बोलून गेलो. फक्त पाच-सहा बारांनंतर दुर्बिणीसमोर तापलेल्या हवेच्या झळा नाचायला लागतात. त्यासाठी कापडी वेष्टण मिळतं. भरभर मारताना ते काढून ठेवा, उष्णता आत कोंडते. आणि तापलेल्या सप्रेसरला हात लावू नका हे सांगायची गरज नसावी, पण माझ्या बोटांवर खूण आहे.

---

अर्धस्वयं

माझ्यासारख्या सेमी-ऑटोवाल्यांसाठी (आमच्या रायफलीत पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं) एक टीप, धागा पुढे कुणाच्या तरी कामाला येईल. सप्रेसरने दाब वाढतो, वायू मागे येतो, डोळ्यांत धूर जातो, बोल्ट जास्त वेगाने मागे आदळतो. आमच्यासाठी वायू पुढे सोडणारे, कमी मागदाबाचे सप्रेसर निघालेत. आवाजात एखादा डेसिबल सोडावा लागला तरी चेहऱ्यावर धूर नको. नाहीतर वायू कमीजास्त करता येणारा ब्लॉक लावा. बोल्टवाल्यांनी यासाठी पैसे घालू नयेत. तुमचा बोल्ट तुम्ही हाताने ओढेपर्यंत बंदच असतो, वायू जाणार कुठे!

आखूड नळी असेल तर उत्पादकाने दिलेली किमान लांबी नक्की पाळा. आखूड नळीतून वायू अजून जळतच बाहेर येतो आणि पहिल्या चकतीला खातो.

---

नवखा_नेमबाज

मध्येच विचारतो. नेटवर "सफाईचा डबा" या नावाने कपांचे संच अगदी स्वस्तात मिळतात. आतले कप घरीच भोक पाडून सप्रेसरसारखे वापरता येतात असं एकाने सांगितलं. स्वस्तात मस्त नाही का?

---

दस्तऐवज

अजिबात नको. मी अमेरिकेत आहे, इथलंच सांगतो. सप्रेसर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली येतो. नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमी तपासणी आणि मंजुरी येईपर्यंत तो विक्रेत्याकडेच. २०० डॉलरचा कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. पुष्कळांनी याचा अर्थ "आता काही लागत नाही" असा काढलाय. चूक. गेला तो फक्त कर. नोंदणी जशीच्या तशी आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसह आठ राज्यांत सामान्य नागरिकाला तो बाळगताच येत नाही.

मंजुरीशिवाय त्या कपांना भोक पाडलं की तो बेकायदा सप्रेसर, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. असे संच विकत घेणाऱ्यांच्या दारात अधिकारी गेलेले आहेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं, इथे मसाला म्हणजे तुरुंग.

इतर देशांत नियम वेगळे. न्यूझीलंड, नॉर्वेकडे तो शेजारधर्माची वस्तू समजतात. काही ठिकाणी साफ बंदी आहे. आपापल्या देशाचा कायदा वाचल्याशिवाय दुसऱ्याच्या धाग्यावरून काहीही मागवू नका.

---

नवखा_नेमबाज

बापरे. विषय संपला. धन्यवाद.

---

दस्तऐवज

याचीच दुसरी बाजू खरेदीदाराने लक्षात ठेवावी. नोंदणीमुळे इथे वापरलेला सप्रेसर विकणं कटकटीचं, म्हणजे घेतला तो जन्माचा. म्हणून हमी फार महत्त्वाची. चकती फुटली तर कंपनी बदलून देते का? कंपनी किती वर्षं टिकून आहे? दोन डेसिबल कमी असले तरी मी टिकाऊ कंपनीचा घेईन.

---

लेथवाला

आता जोडणीबद्दल, कारण रानवाटांना दोन रायफलींवर एकच हवाय. थेट आट्यांवर फिरवायचा की झटकन लागणारा? झटकनवाल्यात वजन, लांबी आणि किंमत तिन्ही वाढतात. प्रत्येक रायफलला वेगळा ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवायचा भाग, त्यावर सप्रेसर अडकतो) लागतो तो निराळाच. बोल्ट अ‍ॅक्शनला थेट आटे बरे. तापल्यावर सैल होतो, म्हणून दर काही बारांनी हाताने पाहायचं, बस्स.

पण मागचा भाग बदलता येणारा घ्या. हल्ली पुष्कळ उत्पादक मागच्या तोंडाला १.३७५×२४ हे समान माप देतात, त्याला हब म्हणतात. त्यात हवा तो जोड बसतो: आज एम१५×१, उद्या ५/८×२४. रायफल बदलली तरी सप्रेसर तोच. माझे पैसे असते तर मी धातूपेक्षा आधी इथे घातले असते.

---

रानवाटा

आणि .३० च्या भोकातून ६.५ ची गोळी गेली तर?

---

तरंगलांबी

जाते, बिनदिक्कत. .३०८ ची गोळी ७.८ मिलिमीटर, ६.५ ची ६.७. भोक थोडं मोठं म्हणून वायू थोडा लवकर निसटतो, आवाजात किंचित फरक. उलटं मात्र कधीही नाही! ६.५ चा सप्रेसर .३०८ वर लावला तर काय होईल ते लेथवाल्यांना विचारा.

---

लेथवाला

नका विचारू.

---

डोंगरकडा

देखभालीचं एक राहिलं. शिकारीहून आल्यावर सप्रेसर काढून ठेवा. आत ओल आणि जळकी काजळी साठते, तशीच रायफल कपाटात उभी केली तर ती नळीच्या तोंडात उतरून गंज धरते. माझ्या काकांची रायफल अशीच गेली. उलटा ठेवून वाळवला की झालं, मोठ्या काडतुसांच्या सप्रेसरला सफाई फारशी लागत नाही.

.२२ वाल्यांच्यात शिसं साठतं, त्यांना उघडता येणाराच हवा. आणि शिसं काढायला व्हिनेगर-पेरॉक्साइडचं मिश्रण वापरू नका. त्यात शिशाचं विषारी क्षार तयार होतं, कातडीतून आत जातं.

---

रानवाटा

सगळ्यांचे आभार. मापं घेतली. लेथवाले म्हणाले तसंच निघालं: एम१५×१. दुकानदाराचं ऐकून ५/८ चा आणला असता तर तो आज माझ्या रायफलवर डोलत असता.

३२ डेसिबलवाला बाद. त्यांना चाचणीची पद्धत विचारली तर "प्रयोगशाळेत मोजलंय" एवढंच उत्तर आलं. टायटॅनियमचा घेतला, .३० च्या भोकाचा, ३७० ग्रॅम, मागे १.३७५×२४. एम१५ चा जोड बरोबर घेतला, ५/८ चा क्रीडमूर येईल तेव्हा. किमतीत पोलादीपेक्षा जास्त गेले, पण झटकनवाल्या जोडणीचे आणि दोन ब्रेकचे वाचले. हिशोब केला तर फार फरक पडला नाही.

सळईने तपासला, मधोमध. काल रेंजवर गेलो. लावल्यावर गोळ्या १०० मीटरवर चार सेंटीमीटर खाली पडू लागल्या, पण पडतात तिथेच पडतात. काढून पुन्हा लावला तरी तिथेच. मग दुर्बीण त्यावरच जुळवली. धक्का बराच कमी. बोळे आणि मफ दोन्ही होते, दोन_कान ताई.

---

दोन_कान

शाब्बास.

---

खवचट_काका

आणि शेजाऱ्याने विचारलं का, लावलाय ना म्हणून?

---

रानवाटा

नाही. "कितीला पडला" म्हणून विचारलं. तुमचा धागा पाठवून दिला.